दुसरा स्पीकर मोजला तेव्हा
सोल्डरिंगचा वास आला की पनवेलच्या आमच्या घरातली एक उकाड्याची दुपार आठवते. बाबा गेल्यावर त्यांच्या स्पीकरच्या जोडीतला एक फाटला. बाबांच्या मित्राने, आखातातून परतून उरण नाक्यावर रेडिओ-दुरुस्तीचं दुकान थाटलेल्या चाचांनी, तो दुरुस्त करून दिला. त्यावर आठ ओहम छापलं होतं. माझा ओहम मोजायचा मीटर साडेसहाच दाखवत होता. यांनी आतली मूळची कॉइल काढून हलकी बसवली, असं मनाने घेतलं. मी तारा उपटून पुन्हा मोजलं, आकडा तोच. चाचांना बोलावून मीटर समोर धरला. "बाबांची कॉइल कुठे गेली?" ते म्हणाले, "बेटा, दुसरा मोजलास? त्याला तर मी हातही लावला नाही." मी मोजला. साडेसहाच. "मीटर नुसता तारेचा रेझिस्टन्स सांगतो," ते हळूच म्हणाले, "छापलेला आकडा गाणं वाजतानाचा." मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, उपटलेल्या तारा स्वतःच नीट सोल्डर करून दिल्या आणि ते चहा न घेताच गेले. आजही दुकानात भेटतात, आपुलकीने बोलतात. घरी मात्र येत नाहीत.