चॅपलचा रूळ

आमचं चॅपल अठरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. टेप धरून मीच मोजलं आहे. ते कधी बांधलं याबद्दल मात्र मी ठामपणे काही सांगत नाही, कारण दगडावर साल कोरलेलं नाही. एका परदेशी फादरांनी गावच्या दगडांत, गावच्याच माणसांकडून ते उभं केलं, एवढं माझ्या आजोबांनी सांगितलेलं. पत्रा नंतरचा. घंटेला पैसे नव्हते, म्हणून दारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगला. त्यावर तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन ठोके पडले की मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, आहे हे सगळ्या गावाला कळायचं.

किल्ली माझ्या चुलतीकडे असे. झाडलोट करणं, मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं आणि रूळ वाजवणं ही तिची कामं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं. काम चॅपलपासून दोन शेतांवरच होतं. तिथल्या मुकादमाला सुट्टी द्यायला काहीतरी वाजणारं हवं होतं. त्यानं रूळ मागितला आणि चुलतीनं दिला. "न्हे बाबा. ऐकणारी समदी तकडंच हायेत."

फादर महिन्यातून एका रविवारी फटफटीवर राहुरीकडून येत. रूळ गेल्यानंतरच्या खेपेला चॅपलमध्ये चुलती आणि मी, दोघंच. कामाला सुट्टीचा खाडा बाजारच्या दिवशी, रविवारी नाही; बाकीचे सगळे खडीवर. मिस्सा संपल्यावर फादर हळूच म्हणाले, "पुढच्या वेळीही असंच असलं, तर इथलं येणं थांबवावं लागेल. तुम्ही मोठ्या गावच्या चर्चला येत जा."

फादर राहायचे ते मोठं गाव सात मैलांवर. चुलतीला गुडघ्यांमुळे ओढाही ओलांडवत नसे. तिची मिस्सा कायमची सुटणार होती.

पुढच्या खेपेला फटफटीचा आवाज आला, तशी ती चॅपलकडे न जाता काठी टेकत खडीवर गेली. मी मागोमाग. तिनं कुणाचा तरी हातोडा उचलला आणि बाभळीला टांगलेल्या रुळावर तीन-तीन-तीन ठोके दिले.

सगळ्यांनी हातोडे टाकले आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या सोडल्या. तिथं रूळ वाजला म्हणजे जेवणाची सुट्टी. ठोके कोण मोजतो?

मुकादम धावत आला. "ए मावशे, आजून बारा न्हाई वाजलं! सायेब आला मंजी कुनाला धरंल?"

"तुला. रूळ माजा हाय."

"आन् मान्सं?"

"ती देवाची. चल, तूबी चल. सावली हाय तितं."

बायका हसल्या. सोडलेल्या भाकऱ्या पुन्हा बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा मुकादमानं हात जोडले. "जा बाबांनो, पन दुपारची सुट्टी न्हाई मग!"

आमची ख्रिस्ती माणसं चॅपलकडे निघाली. त्यांच्यामागे खडीवरची निम्मी माणसंही आली, कारण त्या उघड्या माळावर सावली अशी आमच्या लिंबाचीच होती. फादर दारात थबकले. त्यांनी मला विचारलं, "यातले आपले किती?"

चुलतीनं माझ्याकडे पाहिलं. आकड्यात मी खोटं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आपले चौदा, फादर. बाकीचे जेवायला आलेत."

फादरांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं. "चौदा जणांसाठी सात मैल काही लांब नाहीत," ते म्हणाले आणि झगा घालायला आत गेले. चुलतीनं डोळ्यांना पदर लावला. मग बाहेरच्यांना दटावलं, "मिटक्या मारू नका रं, मिस्सा हाय!"

काम संपेपर्यंत महिन्याच्या त्या रविवारी जेवणाची सुट्टी मुकादम चुलतीच्या हातूनच देई. नंतर त्यानं स्वतः रूळ खांद्यावर आणून लिंबाला टांगला. फादर येतच राहिले. त्या खडीवर राबलेल्या शेजारणी अजूनही रूळ ऐकला की चुलीकडे वळून म्हणतात, "चला, मावशीनं सुट्टी दिली."