मामांचं वळणदार अक्षर

मुसलमानांवर कडकडीत बहिष्कार घालून त्यांच्यावाचून एक दिवसही न काढलेला माणूस पाहायचा असेल, तर अकोल्याला जावं आणि माझ्या मामांना भेटावं. मामा निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तर, दात स्वतःचे आणि मतं मोबाईलवर आलेली. सकाळच्या चहाबरोबर ते सगळ्या नातेवाइकांना "जागे व्हा!" असा संदेश पाठवतात, बारापर्यंत कॉलनीत भेटेल त्याला जागं करत हिंडतात आणि दुपारी जेवून जे झोपतात, ते पाचपर्यंत घरात चमचा पडलेला त्यांना खपत नाही. मी अमरावतीहून फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुमी अमरावतीवाले कवा जागे होता रे?"

बहिष्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी घरात सभाच घेतली. "आजपासून त्यायच्याकडून काडीसुद्धा घ्याची नाही!" पण मामांची स्कूटर एकाच मिस्त्रीला वश, आणि तो नेमका त्यांच्यातला. "तो आपला हाय," मामा म्हणाले. वरूडची संत्री दारात आणून देणारा? "त्याच्या बापाले ओळखतो मी. तो बी आपलाच." मामींना बांगड्या भरणारी बाई बंद करायची गोष्ट निघाली, तेव्हा मामी एवढंच बोलल्या, "मंग बांगड्या तुमी भरून देजा." ती बाईही आपली झाली. मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांचं आडनाव मी मुद्दाम उच्चारलं, तर "डॉक्टरले धर्म नसते" असं उत्तर आलं. त्या डॉक्टरांच्या कृपेनं मामा आता बहिष्काराचे संदेश बिनचष्म्याचे वाचतात. शेवटी मी विचारलं, "मामा, मग बहिष्कार नेमका कोणावर?" मामा जराही न अडखळता म्हणाले, "जे आपल्या ओळखीचे नाहीत त्यायच्यावर."

मामांना दोनच गोष्टींचा खरा अभिमान, अक्षराचा आणि गादीचा. बार्शीटाकळीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चौथीची पोरं वळणदार लिहायला शिकवली. वर्गात त्यांचा एकच कायदा होता, "फळ्यावर लिहिलं ते वाचा आन् तसंच करा. मले पुन्हा सांगाले लावू नका." गावातल्या पाट्यांचं वेडंवाकडं अक्षर पाहून त्यांचं डोकं अजून दुखतं. एकदा त्यांनी एका रसवंतीवाल्याची पाटी उतरवून घरी आणली आणि दोन दिवसांनी सुंदर रंगवून परत नेली. तोवर तो बिचारा पाटी चोरीला गेली म्हणून बोंबलत होता.

आणि गादी म्हणजे करीमची गादी. करीम पिंजारी, मामांचाच चौथीतला विद्यार्थी. चाळीस वर्षं दसरा झाला, ऊन उघडलं, की तो कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून बार्शीटाकळीहून हजर. अंगणात गादी उसवायची, गाठी झालेला कापूस पिंजायचा, तुळशीवर आणि मामांच्या मिशांवर सारखाच पांढरा भुगा उडवायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. मग तो म्हणायचा, "गुरुजी, आडवे व्हा." मामा तिथंच अंगणात आडवे होऊन गादी तपासायचे आणि तपासता तपासता घोरायला लागायचे. करीम त्यांना न उठवता, मामींना सांगून, चपला हातात घेऊन फाटकापर्यंत जायचा. साऱ्या हिंदूंना जागं करणाऱ्या मामांची झोप अशी वर्षानुवर्षं करीमच्या हातची होती, आणि यात काही गंमत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात कॉलनीच्या पोरांनी फाटकावर लावायला एक पाटी आणली. मजकुराबद्दल मामांची काहीच तक्रार नव्हती, पण अक्षर पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. "हे असं लावसान? लोक हसतीन आपल्याले!" असं म्हणून त्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि तीन दिवस खपून लिहिलं, "या कॉलनीत फक्त हिंदू फेरीवाल्यांनाच प्रवेश." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी त्या पाटीचा फोटो मलाही पाठवला. मी "अक्षर छान" एवढंच कळवलं. दुसरं काही लिहायची हिंमत झाली नाही, हे इथं कबूल करतो.

दसरा गेला, दिवाळी गेली, करीम आला नाही. गादीत गाठी झाल्या. मामा म्हणाले, "माजला. गुरुजीले इसरला." शेवटी मी दिवाळीनंतर गेलो तेव्हा त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही बार्शीटाकळी गाठली. करीमनं धावत येऊन मामांचे पाय धरले, खुर्ची पुसली, चहा सांगितला.

"काहून नाही आला रे तू?" मामा कडाडले.

"आलो होतो न गुरुजी. दसऱ्याच्या चौथ्या दिवशी. फाटकावर बोर्ड वाचला, वापस आलो."

"अरे, तो काय तुह्यासाठी हाय? तू तं आपला!"

करीम खाली मान घालून हसला. "बोर्डवर तसं नव्हतं लिहिलं, गुरुजी. कोण्या दुसऱ्यानं लिहिला असता तं आलो बी असतो. पण 'ह'ची शेपटी पाह्यली आन् समजलं, अक्षर तुमचं हाय. तुमीच शिकवलं, फळ्यावर लिहिलं ते वाचा आन् तसंच करा."

मामांपुढचा चहा गार झाला. निघताना करीम गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "गादीत गाठी झाल्या असतीन. इथं पाठवून द्या, करून देतो. झोप लागते न गुरुजी?"

दुसऱ्याच दिवशी मामा पाटी पुसायला रॉकेलचा बोळा घेऊन गेले. पोरांनी अदबीनं त्यांचा हात धरला, "गुरुजी, इतकं सुंदर अक्षर कसं पुसू द्याचं?" पाटी अजून तिथंच आहे. गादी बार्शीटाकळीला पाठवू का, असं मी दोनदा विचारलं. "कोणत्या तोंडानं पाठवू?" म्हणाले. मामांवर मी आयुष्यभर हसलो, पण त्या दिवशी मला त्यांची फार माया आली.

परवा दुपारी तीनला मी चुकून फोन लावला आणि जीभ चावली. पण पहिल्याच रिंगला मामांनी उचलला. "बोल," म्हणाले, "जागाच हाय मी."