तुझं तू ठरव

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रोन्याचा वर्ग उघड्या ट्रकमधून गावभर फिरत होता. शाळा संपल्याची पांढरी टोपी प्रत्येकाच्या डोक्यावर, ट्रकच्या फळ्यांना हिरव्या डहाळ्या बांधलेल्या. एकेकाच्या घरी उतरायचं, घरच्यांनी अंगणात मांडलेलं खायचं-प्यायचं आणि पुढच्या घराकडे निघायचं. डेन्मार्कमधल्या आमच्या लेमवी गावात दरवर्षी हे असंच होतं.

ट्रकमध्ये पुढच्या वर्षाच्या गप्पा चालल्या होत्या, आणि रोन्या सोडली तर ते वर्ष कुणीच विद्यापीठात घालवणार नव्हतं. कुणी न्यूझीलंडला द्राक्षं तोडायला निघालेलं, कुणी बालवाडीत काम करून मग नेपाळला.

"आणि तू थेट कोपनहेगनला, दगड शिकायला?" माल्थे म्हणाला. "आधी जगून तरी घे गं जरा."

"दगडांना कुठे घाई आहे? थांबतील ते," आस्कने पुस्ती जोडली.

रोन्या हसली. कदाचित तीही वर्षभर थांबणार होती, पण द्राक्षांसाठी नाही.

तिचे वडील प्रेबेन मासे धुरी देऊन बंदरावर विकतात. आई वारल्यापासून माशांच्या जड सळया भट्टीत रोन्याच चढवायची, कारण बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ती वर्षभर राहिली असती तर गावात कुणालाही नवल वाटलं नसतं. शाळेनंतर सगळेच एक वर्ष मोकळं घेतात. तिला फक्त बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. थांब म्हणावं, नाहीतर जा म्हणावं. विद्यापीठात भूशास्त्रासाठी अर्ज करायची मुदत आठवड्यावर आली होती.

"बाबा, तुला काय वाटतं?" ती इस्टरपासून विचारत होती.

"तुझं तू ठरव."

राख काढताना तेच, बटाटे सोलताना तेच. मुलांवर आपलं मत लादायचं नाही, याचा आमच्या लोकांना फार अभिमान. रोन्याला मात्र धुराला धक्के दिल्यासारखं वाटायचं.

ट्रक तिच्या दारात थांबला. गुडरुन आत्याने काळ्या पावावर मासे वाढले, बिअर उघडली. मग प्रेबेननी चमचा ग्लासवर वाजवला. अशा दिवशी बापाने भाषण करायचंच असतं.

"रोन्या," ते म्हणाले, "तू जे निवडशील ते चांगलंच असेल. आमचं काही म्हणणं नाही."

सगळ्यांनी ग्लास उंचावले. रोन्याने आपला खाली ठेवला आणि बाबा घरामागच्या भट्टीकडे निघाले तशी त्यांच्या मागोमाग गेली.

"आजसुद्धा?" ती म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर उभा राहिलास आणि काहीच बोलला नाहीस."

"चांगलं बोललो की. आत्या रडली."

"आत्या हवामानाच्या बातम्या ऐकूनही रडते. मी थांबू की जाऊ?"

"असं विचारणं बरं नाही, रोन्या."

"मग कोणाला विचारू? माशांना?"

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. प्रेबेन डाव्या हाताने उजवा खांदा दाबत उभे राहिले.

"तू राहिलीस तर मला बरं वाटेल," ते अखेर म्हणाले. "फार बरं वाटेल. म्हणून तर बोलत नव्हतो. वर्षभर ते सुख भोगल्यावर पुढच्या जूनमध्ये मी तुला काय सांगेन, याचा माझा मलाच भरवसा नाही."

"हे तुला इस्टरला सांगता आलं नाही?"

"नाही आलं."

"मग आता काय करू?"

पुन्हा भोंगा. पोरं तिच्या नावाने ओरडू लागली.

"जा," प्रेबेन म्हणाले.

"ट्रकमध्ये?"

"कोपनहेगनला."

इतके महिने मागितलेलं उत्तर मिळालं होतं, आणि रोन्याला कळलं की आपण दुसऱ्याच शब्दाची वाट पाहत होतो. तिला रडायचं नव्हतं. "मी रागावूनच जाणार आहे," ती म्हणाली.

"चालेल," बाबा म्हणाले.

आस्कने हात देऊन तिला वर ओढलं. ट्रक वळेपर्यंत बाबा दारात हात हलवत उभे होते, डावा. ती फळीला टेकून समोर बघत राहिली. तिचा हात वर गेलाच नाही.