आमची शाळा नांदायला गेली तेव्हा

लग्नाच्या बैठकींचा मला मनापासून तिटकारा आहे. माझं स्वतःचं लग्न अशाच एका बैठकीत ठरलं आणि दीड वर्षात निकालात निघालं. नवऱ्याने दुसरी केली, मी सांगलीला भावाकडे आले आणि भावजयीच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापू लागले. मराठी सातवीची फायनल परीक्षा तेवढी पास होते. अर्ज केला आणि माण तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर नेमणूक झाली. लढाईचे दिवस होते. पुरुष एक तर पलटणीत, नाहीतर मुंबईला गिरणीत. त्यामुळे बाईमाणसाला नेमताना स्कूल बोर्डानेही फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

गाव म्हसवडपासून चालत तासाभराच्या अंतरावर होतं. देवळाच्या ओवरीत माझी शाळा भरायची. तेवीस मुलं, एक फळा, एक घंटा, हिंदुस्थानचा एक नकाशा आणि दुपारी सावलीला येऊन बसणाऱ्या चारपाच शेळ्या. ओढ्यापलीकडे दुसरं गाव. तिथे चावडीशेजारी पक्की खोली, त्यात बंद पडलेलं एक घड्याळ, वीस मुलं आणि पन्नाशीचे एक गुरुजी. ओढा वर्षातले दहा महिने कोरडाच असे, त्यामुळे दोन्ही शाळांच्या पाढ्यांचा आवाज एकमेकांना ऐकू जायचा. त्यांचे चौदा साते अठ्ठ्याण्णव झाले की आमची पोरं तिथूनच उचलायची आणि मी डोकं धरून बसायची.

मी एका मावशीच्या पडवीत राहत होते. नात्याने मावशी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. सकाळी उठल्यापासून ती माझ्यावर करवादायची. पाणी लय सांडतीस, भाकरी लय जाड करतीस, पोरांना लय लाडावतीस. तिला मी फारशी आवडत नाही, असं माझं पक्कं मत होतं.

एक दिवस दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांनी मला आणि गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, की बोर्डाला दोन शाळांचा खर्च झेपत नाही, तेव्हा दोन्ही शाळा एक करायच्या, त्यासाठी लोकांचं मत घ्यायचं. एक झालेल्या शाळेत शिक्षक एकच राहील. "आणि नियमाप्रमाणे," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीत जो मागून आला, तो कमी होईल."

मागून आलेली मी. म्हणजे परत सांगली, परत ती चूल.  त्या क्षणापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दोन्ही गावांनी साहेबांना ठणकावून नाही म्हणावं.

ओढ्याच्या काठच्या लिंबाखाली दोन्ही गावं जमली. आमच्याकडून पाटील, त्यांच्याकडून मिशाळ पेन्शनर सुभेदार. साहेबांनी मांडीवर कागद पसरून सांगितलं, "दोन्ही शाळा एकत्र आणण्याबाबत आपलं म्हणणं काय ते मोकळेपणाने सांगा."

 आमच्या पाटलांनी पागोटं सारखं करत विचारलं, "एकत्र म्हंजी, कोन कुनाकडं नांदाय जानार?"

तिथेच गाडी घसरली. या दोन गावांना जोडण्याची एकच रीत ठाऊक होती. पिढ्यानपिढ्या यांच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे. लिंबाखाली दोन्ही गावं समोरासमोर बसली आणि मध्ये एक परका, शिकलेला, कोटवाला माणूस, की ती सोयरीकच. दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येईना.

"आमी पोराकडचे," सुभेदार चटकन म्हणाले. "आमच्याकडं घर पक्कं हाय."

"म्हंजी आमी खाली मान घालनार व्हय?" आमचे पाटील उसळले.

"घर ज्येचं, नवरा त्येचा. रीत हाय ती."

साहेब म्हणाले, "अहो, इथे वर-वधू असं काही नाही. बोर्डाचा प्रश्न असा आहे की..."

"तुमी मधले हाय न्हवं?" सुभेदारांनी त्यांना गप्प केलं. "मग मधल्यानं मधी बोलू नये."

साहेब साताऱ्याचे, सभ्य माणूस. मांडीवरचा कागद सारखा करू लागले. पाटलांनी आपल्या माणसांत थोडं कुरकुरून घेतलं आणि मग एकदम अंग मोकळं करून बसले. मुलीकडचे व्हायचं ठरलं म्हटल्यावर निदान नीट व्हावं, असं त्यांचं झालं. नाही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. मी लांबून पाटलांना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांना वाटलं, बाई पोहे आणायचे का म्हणून विचारतात. त्यांनी मान हलवली.

मग सुभेदार म्हणाले, आधी मुलगी दाखवा.

सगळी वरात आमच्या ओवरीत आली. सुभेदारांनी फळ्यावरून बोट फिरवलं. "चीर हाय फळ्याला."

"बारकी हाय. काजळ लावलं की दिसत न्हाई," पाटील म्हणाले. "आनि तुमच्या शाळंच्या घड्याळाला काटं किती हाईत? एक! आमी काय बोललो का?"

पोरांना कविता म्हणायला लावली, चालून दाखवायला लावलं, वाचून दाखवायला लावलं. दुसरीतल्या एका पोरीला विचारलं, सैपाक येतो का? ती म्हणाली, न्हाई, पन भूगोल येतो. सुभेदारांचं समाधान झालेलं दिसलं. साहेबांना चहा आधी दिला म्हणून सुभेदार मध्येच रुसले आणि देवळाच्या पायरीवर तोंड फिरवून बसले. त्यांची समजूत काढायला दोघांना जावं लागलं. मी घड्याळाकडे बघितलं असतं, पण ते ओढ्यापलीकडे होतं आणि त्याला काटाही एकच होता.

मग याद्या. साहेबांच्या कागदावर 'लोकांचे म्हणणे' असं एक रिकामं खोकं होतं, त्यात याद्या लिहून घ्यायच्या ठरल्या. मुलीकडून फळा, घंटा, नकाशा, बसायची पट्टी. मुलाकडून खोली सारवून देणे, शाळेला पानी भरणे, पोरांना 'पल्याडचं' म्हणून न हिणवणे. साहेब नाइलाजाने लिहीत होते. त्यांना दिवस बुडायच्या आत दहिवडीला पोचायचं होतं.

एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मावशी पुढे आली. पदर खोचून म्हणाली, "आनि पाठराखीन? लेक एकटी धाडनार का काय? पाठराखीन म्हनून आमची बाई जाईल. लिवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नव्या नवरीबरोबर माहेरची एक बाई सोबतीला जायचीच. साहेब म्हणाले, पण जागा एकच आहे. सुभेदार म्हणाले, पाठराखणीला काय जागा लागती, ती पाच दिस ऱ्हाती आनि जाती. मावशीने ठासून सांगितलं, "पाचव्या दिशी मुराळी यील. पुढचं सगळं रीतीपरमानं. तसं लिवा." मुराळी म्हणजे सासरहून लेकीला आणायला जाणारा माहेरचा माणूस. साहेबांनी 'पुढील सर्व रीतीप्रमाणे' असं लिहिलं, खाली सही ठोकली, लोकांनी त्यांच्याच हातून सुपारी फोडून घेतली आणि ते गेले.

मला त्या मावशीचा इतका राग आला की रात्रीची भाकरीच केली नाही मी. पाच दिवस! स्वतःच्या तोंडाने माझी नोकरी पाच दिवसांवर आणून ठेवली होती तिने. साहेब गुरुजींना सांगून गेले होते, की एकत्रीकरण पूर्ण झालं असं पत्र तुम्ही टाकायचं. ते आलं की बाई कमी.

ज्येष्ठात शाळेची पाठवणी झाली. फळ्याला नवीन खण गुंडाळला. फळा ज्यावर उभा राहायचा, त्या लाकडी तिकाटण्याला मुलाण्याच्या सुनेने हिरव्या बांगड्या बांधल्या आणि एक जरी फुटली तर बघा म्हणून गाडीवानाला दम दिला. बायकांनी ओटी भरली. पोरांपेक्षा मोठ्या आवाजात बायका रडल्या. फळ्यासाठी! चीर गेलेल्या फळ्यासाठी धाय मोकलून रडणाऱ्या बाया मी जन्मात पहिल्यांदा बघितल्या. पुढे हलगी, मागे बैलगाडी, तिच्यामागे तेवीस पोरं आणि सगळ्यात शेवटी चेहरा पाडून पाठराखीण.

पलीकडच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. ते पायाने लवंडायचं कुणी यावर पाऊण तास वाद झाला. गुरुजी कळवळून म्हणत होते, अहो, ही शाळा आहे. शेवटी चौघांनी तिकाटणं उचललं आणि त्याच्या उजव्या पायाने माप लवंडलं. उजवा कुठला यावर पुन्हा वाद झाला, कारण पाय तीन होते.

पाच दिवस एका खोलीत त्रेचाळीस पोरं आणि दोन शिक्षक. गुरुजी एका भिंतीला पाढे म्हणवून घेत, मी दुसऱ्या भिंतीला कविता. गुरुजी भले होते. चौथ्या दिवशी ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला पत्र टाकावं लागेल हो." मी म्हटलं, टाका. संध्याकाळी घरी जाऊन ट्रंक भरली. मावशीने बघितलं आणि ट्रंकेला कुलूप नीट लागत न्हाई म्हणून मला बोलली.

पाचव्या दिवशी ऐन शाळेत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाहेर बघते तर पाटील. नवं धोतर, डोक्यावर कानवल्यांची पाटी धरलेला गडी, बैलांना झूल. "मुराळी आलोय," ते म्हणाले. "लेकीला न्यायला."

सुभेदारांनी मिशा पिळल्या, पण पहिल्या मुराळ्याला कोण नाही म्हणणार? कानवले घेतले, पान दिलं. फळा गाडीत चढला, घंटा चढली, नकाशा चढला, पोरं पाठोपाठ निघाली, आणि पाठराखीणही. गुरुजी दारात लिहायला घेतलेलं कार्ड हातात धरून उभे राहिले. "मग एकत्रीकरण पूर्ण झालं असं लिहू, की..." त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नवरी माहेरी आहे, तुम्हीच ठरवा. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं.

दोन दिवसांसाठी आणलेली शाळा दोन दिवसांत परत जायची होती. तेवढ्यात आषाढ लागला. पहिल्या आषाढात नवी सून सासरी राहते का कुठे? सुभेदारांनी निरोप पाठवला, खरं हाय, ऱ्हाऊ द्या. मग श्रावण आला. पंचमीला सासरच्या लेकी माहेरी येतात आणि आपली असलेली धाडायची? मग गौरी. मग पितृपंधरवडा, त्यात कुणी लेक पाठवत नाही. मग दिवाळसण. दिवाळसणाला जावयाला बोलावणं गेलं आणि जावई म्हणून त्यांच्या शाळेचं घड्याळ गाडीत बसून आलं. आमच्या सुताराने त्याला तेलाची आंघोळ घातली. ते बिचारं कित्येक वर्षांनी टिकटिक करायला लागलं, तेव्हा सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर महिन्याला गुरुजी ओढ्यापलीकडून ओरडून विचारत, "बाई, लिहू का?" आणि आमच्या काठावरून कुणीतरी ओरडे, "अजून न्हाई!" माझी ट्रंक मात्र भरलेलीच होती. रीती कधीतरी संपतात, एवढं मला माहीत होतं.

कार्तिकात साहेब आले. भलतेच तापले होते. ओवरीत आमची शाळा नांदताना बघून त्यांनी पाटलांपुढे कागद आपटला. पाटलांनी तो उलटा करून त्यांच्याच सहीवर बोट ठेवलं. 'पुढील सर्व रीतीप्रमाणे.'

"ठीक आहे," साहेब दातओठ खात म्हणाले. "आषाढ झाला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही झालं. आता कुठली रीत राहिली? शाळा पलीकडे कधी पाठवता? मला आत्ता तारीख सांगा."

पाटलांनी डोकं खाजवलं. खरंच कुठली उरली नव्हती. इकडे तिकडे बघायला लागले. मी खडू हातात धरून उभी होते.

मावशी शेळ्या हाकलत होती. काठी टेकून तिथूनच म्हणाली, "तारीख कशाची इचारता, सायेब? लेक हाय ती आमची. तिला तिथं करमत न्हाई. आली हाय, ऱ्हाईल. न्हाई धाडत, जावा."

 साहेबांना काय झालं कोण जाणे, खुदकन हसले. कागदावर लिहिलं, 'लोकांशी विचारविनिमय चालू आहे.' तो पुढे सहा वर्षं चालू होता. तोवर मी त्याच गावात होते.

सांगलीला मी ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभी राहिले होते, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला होता, किती दिवसांसाठी आलीस? वाईट मनाने नाही. माहेरी आलेल्या बाईला सगळे तेच विचारतात. मावशी शाळेबद्दल बोलत होती, हे मला कळत होतं. तरीही ते बोलणं मी माझं म्हणून घेऊन टाकलं, कुणालाही न विचारता. मला फार बरं वाटलं. पोरांना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली आणि कोरा फळा बराच वेळ पुसत राहिले.