भिकाजी मेस्तरीचा फिल्टर

भिकाजी मेस्तरीने मला फसवले. मी त्याला फसवले नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नगरच्या स्टँडमागे ही गोष्ट उलटी सांगणारे लोक अजून आहेत.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांना तो गॅरेजवाला वाटलाच नसता. पांढरेशुभ्र धोतर, परीटघडीचा सदरा आणि लग्नाला निघाल्यासारखे स्वच्छ हात. पाना धरायला गडी ठेवले होते. गाडी आली की तो टाकीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि गिऱ्हाइकाला गप्प राहायची खूण करायचा. मग हळूच म्हणायचा, "गाडी बोलती. आयकनारा पायजे." बंद पडलेली, ढकलत आणलेली गाडी त्याच्याशी काय बोलायची ते त्यालाच ठाऊक. पण लोक माना डोलवायचे. हात काळे न करता मेस्तरी म्हणवून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्याची जनावरे पायी हाकत घोडेगावच्या बाजाराला नेण्यापासून सुरुवात केली आणि लष्कराच्या लिलावातली फटफटी घेण्यापर्यंत पोचलो. कोणी हात दिला नाही. गाडी उंच, चाके जाड. नांगरटीतून, ओढ्यातून कुठेही जायची. बाकीचे व्यापारी एसटीची वाट बघत असायचे तेव्हा मी शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलाचे दात मोजत असायचो. त्या गाडीला बाजूला एक डबा होता आणि त्यात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड फिल्टर. इंजिन ओढते ती हवा त्यातून गाळून आत जायची. गाळणी नसली तर धुरळा आत जाऊन इंजिन कानशीने घासल्यासारखे खातो. एवढे मलाही कळत होते.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. दिवाळीच्या आधीच रस्त्यांचे पीठ झाले होते. फिल्टर तुंबला आणि गाडी चढावर धापा टाकायला लागली. मी ती मेस्तरीकडे नेली. माझ्या हिशेबी दोनच वाटा होत्या. जुना फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन, तेल लावून परत बसवायचा, नाहीतर मुंबईहून नवा मागवून तोवर थांबायचे. मेस्तरीने जुना फिल्टर बाहेर काढला, तळहातावर आपटला आणि मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला.

"तात्या, ह्यानं गाडीचा गळा आवळलाय. ह्यो बनवनाऱ्या सायबानं नगरचा धुरळा पाह्यलाय का कधी? आपल्या हातचा घाला. गाडी वारा पिऊन पळंल."

त्याने आतून स्वतःच्या बनावटीचा एक फिल्टर आणला. बाहेरून तारेची चकचकीत जाळी, दोन्ही तोंडांना कथलाचा डाक देऊन पक्के केलेले पत्रे. मी उलटासुलटा करून पाहिला. जाळी इतकी बारीक की आत काय भरले आहे ते दिसेना.

आमच्या बाजाराचा एक रिवाज आहे. बैलाचे दात, खूर, चाल घेणारा स्वतः पाहतो. पण जनावर लाथ मारते का, जुवाखाली बसकण मारते का, हे बाजारात दिसत नाही. म्हणून दावे हातात घेण्याआधी घेणारा एकच शब्द विचारतो : "खोड?" विचारले नाही तर तुझे नशीब. पण विचारल्यावर विकणाऱ्याने खरे सांगायचेच. तिथे खोटे बोललेल्या माणसाला पुढच्या बाजारात कोणी जनावराच्या पाठीवर हातसुद्धा ठेवू देत नाही. मेस्तरी श्रीगोंद्याकडचा, बैलांतच वाढलेला. त्याला हे मी शिकवायला नको होते. मी फिल्टर हातात धरला आणि विचारले, "मेस्तरी, खोड?"

त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितले, "न्हाई."

थोड्याच दिवसांत गाडी निळा धूर ओकायला लागली आणि तेल पिऊ लागली. मी परत गेलो. त्याने टाकीला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केले, "फिल्टर नवा हाय. गाडीला सवय व्हायची हाय अजून." जशी काही नवी सूनच घरात आली होती.

देवळाली प्रवरा इथल्या एका मुकादमाला उसाच्या गाड्यांसाठी बैल हवे होते. त्याने मला निरोप धाडला होता की तात्या, बाजारात तुम्ही निवडाल त्या जोड्या मी डोळे झाकून घेईन. असा शब्द मिळवायला माझी अर्धी हयात गेली होती. त्या बाजारी मी पहाटेच नगरहून निघालो आणि इमामपूरच्या घाटात इंजिन किंचाळून जागच्या जागी जाम झाले. एका ट्रकने मला घोडेगावला सोडले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मुकादमाने दुसऱ्याकडून जोड्या घेऊन टाकल्या होत्या. मी काय घडले ते सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि चार व्यापाऱ्यांदेखत म्हणाला, "तात्या, ज्याला सोताची फटफटी पारखता येईना, त्यो माझं बैल काय पारखनार?"

तो मुकादम पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याच्या मागचे इतरही आले नाहीत.

मी घाटात परत आलो आणि दगडाने त्या फिल्टरचे पत्रे फोडले. आत गोणपाट होते. साखरेच्या पोत्याचा तुकडा, कडेला पोत्याची शिवण तशीच.

तसाच गॅरेजात गेलो. दारात साखर कारखान्याच्या एका साहेबाची फटफटी उभी होती, माझ्यासारखीच, लिलावातली. तिचा डबा उघडा होता आणि आत धुऊन, तेल लावून बसवलेला माझा नमदा. त्याची उसवलेली कड मी बैलांची मोरकी शिवायच्या दोऱ्याने स्वतः शिवली होती. माझा टाका मी ओळखणार नाही का? गळा आवळणारी वस्तू साहेबाच्या गाडीला मात्र मानवत होती.

मी आवाज चढवला, हे कबूल. मेस्तरीने चढवला नाही. गिऱ्हाइकांकडे बघत, चहाची बशी खाली ठेवत तो म्हणाला, "तात्या, खोड जनावराला आसती. लोखंडाला कसली खोड?"

लोक हसले. गोणपाट माझ्या हातात होते, तरी हसले. पुढे कित्येक दिवस ते वाक्य स्टँडवर मेस्तरीचा हजरजबाबीपणा म्हणून फिरत राहिले.

गेल्या वर्षी तो वारला. दशक्रियेला नदीवर कर्णा लावून भाषणे झाली. त्याच कारखान्याचा तोच साहेब उभा राहिला आणि म्हणाला, मेस्तरींच्या हातून खोटी वस्तू कधी गेली नाही. मी उठलो. शेजारच्याने सदरा ओढून मला खाली बसवले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणे. मग जित्या माणसाची अब्रू घालवलेली चालते का?

गॅरेजात आता त्याचा मुलगा वसंता बसतो. मागे बापाचा हार घातलेला फोटो, पुढे बापाची गिऱ्हाइके. बापाचे नाव घेऊन धंदा करतो, तर बापाचा जबाबही त्यानेच द्यावा. मला इंजिन भरून नको. वसंताने घोडेगावच्या बाजारात यावे, तो मुकादम असेल त्या दिवशी यावे, आणि सगळ्यांदेखत सांगावे की तात्याने खोड विचारली होती आणि माझा बाप खोटे बोलला. येतोस का, वसंता?