मोहाच्या झाडापुढच्या तीन खुंट्या

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी जमिनीचे भाव आले. मी मात्र एका मोहाच्या झाडाच्या नादी लागलो होतो. नव्या राजधानीची आखणी चालली होती त्या बाजूला, धानाच्या बांधावर ते एकटंच उभं होतं. लग्नाचे फोटो काढून माझं पोट भरत होतं. पण एका वेळी एकच मोठी फिल्म घेणारा जुना, पेटीएवढा कॅमेरा हाती आला आणि मला दुसरं काही सुचेना.

तो शिकताना नाकी नऊ आले. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेत बघावं, तर झाड उलटं, बुंधा वर आणि आभाळ खाली. एकदा फिल्मला उजेड लागून ती काळीठिक्कर पडली, एकदा वाऱ्यानं फांद्या हलल्या. न्हाणीघरात फिल्म धुताना मी इतका चिडलेला असायचो, की आई दार वाजवायलाही भ्यायची. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील तेवढे खवचटपणे म्हणत, "लोकायचे लगन होऊन पोट्टे झाले, तुह्या झाडाचा फोटू काही निघून नाही राहिला."

चूक कुठे होते ते कळायला दर वेळी अगदी तीच जागा हवी होती. म्हणून कॅमेऱ्याच्या तिपाईच्या तिन्ही पायांशी मी खुंट्या ठोकल्या, गवतात दिसाव्यात म्हणून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. टेप धरून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजलं. शेताचा मालक आणि त्याची बायको लांबून बघत राहायचे. मी हात हलवला की तो हात जोडायचा. माणूस मोठा अदबीचा आहे, असं मला वाटायचं.

अखेर एक निगेटिव्ह मनासारखी निघाली. पान न् पान सुटं दिसत होतं. मोठा प्रिंट काढून मी तो त्या दोघांना द्यायला निघालो. इतका खुशीत होतो, की स्कूटरवर गात होतो.

बांधावर झाड नव्हतं. आधी वाटलं, रस्ता चुकलो. मग चिंध्यांसकट खुंट्या दिसल्या आणि पलीकडे ओला, ताजा कापलेला बुडखा. कोणी तोडलं, असं ओरडतच मी त्या माणसाच्या अंगणात शिरलो. त्यानं आधी हात जोडले, मग सांगितलं, की आपणच तोडलं. सरकारनं मोजणी केली, आता जमीन जाणार. झाड फुकट जाण्यापेक्षा लाकूड विकलेलं बरं. त्याची बायको एवढंच म्हणाली, की झाडाची फुलं आधी सासू वेचायची, मग ती स्वतः.

मोजणीला कोण आलं होतं, असं मी विचारलं. तो गोंधळून म्हणाला,

"तुमन तो नापे रेहेव, साहेब."

त्या खुंट्या, ती टेप. मोजणारा मीच होतो. कागदी पाकिटातून प्रिंट काढून मी त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिनं पदराला हात पुसून तो धरला, उजेडाकडे वळवला आणि झाड लगेच ओळखलं. मग तिनं विचारलं, "त तुमन ला जमीन नइ चाही रिहिस? बस इही?"

हो, जमीन नको होती, फक्त हा फोटो, असं मी म्हटलं. तिचा नवरा ओसरीवर मटकन खाली बसला.