मामंजींचं खाकरणं

गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे लहान मूल सांभाळणारा आमच्या मामंजींसारखा दुसरा पुरुष झाला नाही, हे मी कोणापुढेही उभी राहून सांगेन. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. कोपरगावच्या बाजूला कालव्यावर ते इन्स्पेक्टर होते, आणि आवाज असा की शेतांना पाणी नेणाऱ्या चारीच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाच्या पाणीचोरानं फावडं टाकून पळावं. पांढऱ्या झुपकेदार मिशा, हातात बाभळीची काठी आणि उन्हाळा असो की हिवाळा, अंगात बंद गळ्याचा खाकी कोट. असा हा माणूस पेन्शनीत निघाला आणि त्याच वर्षी आमची कुसुम जन्मली. लढाईचे दिवस होते. साखर आणि रॉकेल मिळायची मारामार होती. आणि ज्याच्या नावानं पाटकऱ्यांना कापरं भरायचं तो माणूस आमच्या ओसरीवर मांडी घालून, सहाण पुढ्यात घेऊन गुटीचं हळकुंड उगाळत बसायचा.

कुसुमचं सगळं त्यांनी कालव्याच्या रीतीनं लावून घेतलं होतं. गुटीची पाळी, तेल लावायची पाळी, शेकाची पाळी. पाळी चुकली की घरात बोंबाबोंब. सुईण तिला न्हाऊ घालायला आली की हे बाजूला काठी टेकून उभे राहायचे आणि पाण्याची धार कुठून कुठे जाते यावर सूचना द्यायचे. ती बिचारी एकदा म्हणाली, "आबा, मी तुमालाबी न्हाऊ घातलं आसतं, पन तवा मी जल्मले नव्हते." त्यावर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, पण उभं राहणं काही सोडलं नाही. कुसुमनं पहिल्यांदा त्यांचं धोतर ओलं केलं तेव्हा ते आनंदानं "पाट फुटला, पाट फुटला" असं ओरडत अंगणात आले, आणि शेजारच्या मळ्यातले दोघे गडी खरोखरच फावडी घेऊन धावत आले. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्या घरची पद्धत. मी दाराआड, पदर कपाळापर्यंत. त्यामुळे मामंजींनी मला जे काही सांगायचं ते कुसुमलाच सांगायचे. "बाईसाहेब, तुमच्या आईला सांगा, दुधात साय ऱ्हायली." "बाईसाहेब, तुमच्या आईला म्हनावं, भात आनखी मऊ पायजे, दात दोनच हायेत." मीही कुसुमलाच उत्तर द्यायची. दोन दातांची ती पोर आम्हा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायची आणि हसायची. सासरी येऊन मला तीन वर्षं झाली होती, पण मामंजींशी माझी खरी ओळख तिच्या मार्फतच झाली.

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण केलं. ते बायकांचं काम. पण मामंजी नातीला मांडीवर घेऊन पाटावर जे बसले ते उठायलाच तयार नाहीत. वस्तीतल्या बायका आलेल्या, आणि समोर थोरला माणूस बसलेला. सगळ्यांनी पदर ओढून, पाठी फिरवून, अंदाजानंच बोरं आणि उसाच्या गंडेऱ्या मागे टाकल्या. निम्मी बोरं मामंजींच्या टकलावर पडली. त्याआधी सकाळभर बसून त्यांनी बोरं निवडली होती, मोठी मोठी बाजूला काढली होती, का तर पोरीच्या टाळूला लागतील म्हणून. आपल्या टकलाचा विचार त्यांनी केला नव्हता.

कुसुम पालथी पडली, बसू लागली, रांगू लागली, प्रत्येक वेळी त्यांनी काही ना काही गोडाधोडाचं करायला लावलं. चालायचं मात्र ती नाव काढीना. वर्षाची झाली तरी ओसरीवरच्या लाकडी खांबाला, मेढीला धरून उभी राहायची आणि हात सोडायचा म्हटलं की मटकन खाली बसायची. पलीकडच्या म्हातारीनं एकदा ऐकवलं, "आमचा नातू नवव्या म्हैन्यात पळत हुता." मामंजी तिला शांतपणे म्हणाले, "पानी घाईनं सोडलं की चारी फुटती, म्हातारे. आमची बाईसाहेब दमानं चालंल." पण म्हातारी गेल्यावर त्यांनी कुसुमच्या गुडघ्यांना तेल चोळायला घेतलं ते किती तरी वेळ चोळतच राहिले. दुसऱ्या दिवशी सुताराकडून पांगुळगाडा आला. त्याची चाकं अशी करकरायची की गोठ्यातल्या गाई कान टवकारायच्या. कुसुम गाड्याला धरून पुढे, आणि तिच्या समोर खाकी कोटातले मामंजी वाकून उलट्या पावलांनी मागे मागे चाललेले, हे दृश्य सगळ्या वस्तीनं पाहिलं. एकदा असेच मागे जाता जाता ते शेणाच्या पाटीत बसले. उठून म्हणाले, "थांबू नका बाईसाहेब, या म्होरं." तिच्या चालण्याचा त्यांना एवढा ध्यास का, हे मला कळत नव्हतं. हौस असेल असं वाटायचं.

त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली. बाहेरून आले की ते फाटकाशी थांबून खाकरायचे. सुनांनी पदर सावरावा, बसलेल्यांनी उठावं, यासाठी थोरली माणसं खाकरतातच. पण मामंजींचं खाकरणं म्हणजे धरणाचं दार उचलावं तसं. आणि आमच्या घरात त्या आवाजाची सगळ्यात जास्त धास्ती होती ती आमच्या ह्यांना, म्हणजे कुसुमच्या वडिलांना. बापानं थोरामोठ्यांसमोर आपलं मूल घेणं निलाजरेपणाचं समजायचे. आजानं घ्यावं, चुलत्यानं घ्यावं, वाटसरूनं घेतलं तरी चालेल, जन्मदात्यानं मात्र पोर शेजाऱ्याची असल्यासारखं लांबून बघायचं. हे संध्याकाळी शेतातून आले की आधी मामंजी कुठे आहेत ते बघायचे. ते पाटाकडे गेलेले असले तर पाय धुऊन कुसुमला उचलायचे आणि तिच्या टाळूला नाक लावून नुसते उभे राहायचे. तेवढ्यात फाटकाशी खाकरणं ऐकू आलं की कुसुम माझ्या ओटीत. एकदा मी जवळ नव्हते तर त्यांनी तिला घाईघाईनं कडब्यावर ठेवलं आणि स्वतः बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मामंजींनी कडब्यातून नात उचलली आणि म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या आईला सांगा, पोर वैरणीत ठिवायची नसती." आणि खरं सांगायचं तर मामंजी दिवसभर घरातच असायचे. कुसुम दिवसभर त्यांच्याच कडेवर. ह्यांच्या वाट्याला ती फारशी येतच नव्हती.

एका दुपारी डाळ निवडता निवडता मी सासूबाईंना हसत म्हटलं, "मामंजींनी तुमची मुलंही अशीच डोक्यावर बसवली असतील."

सासूबाईंचा हात सुपात थांबला. "कुनाला? ह्या घरात त्यांनी एकबी लेकरू हातात घेतलं न्हाई." मग आपणच पुढे बोलू लागल्या. "माझी पयली लेक मंजुळा. वरसाची झाली हुती. तुझ्या कुसीवानीच त्या मेढीला धरून उभी ऱ्हायची. हे कालव्यावरनं सुट्टीला आले का रांगत जायची ह्यांच्याकडं. धोतर धरून उभी ऱ्हायची, तोंड वर करून बघायची. माझे सासरे हितं वट्यावर बसलेले. ह्यांची काय छाती व्हनार? पाय मागं घ्यायचे. ती पडायची, परत रांगत जायची. हे परत मागं सरायचे."

"मग?"

"मग ताप आला पोरीला. उतरलाच न्हाई. चालली न्हाई ती कवाच. वड्याकडं मातीला न्यायची येळ आली, तवा त्यांनीच घेतली. दोन्ही हातांवर. तवा कुनी काय म्हनलं न्हाई." आणि त्या पुन्हा डाळीतले खडे वेचू लागल्या.

त्या दिवसापासून पांगुळगाड्याची करकर ऐकून मला हसू आलं नाही. ती ऐकू आली की मी चुलीपाशी बसून रडायची, आणि डोळे धुरानं लाल झालेत असं सांगायची.

पुढे काही दिवसांनी, संध्याकाळची वेळ. मामंजी ओसरीच्या कडेला उकिडवे बसलेले, हातात गुळाचा खडा. कुसुम मेढीला धरून उभी. "या बाईसाहेब, सोडा हात." ती त्यांच्याकडे बघून हसत होती, हात सोडत नव्हती. तेवढ्यात हे डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन फाटकातून आत आले. कुसुमनं ह्यांना पाहिलं आणि हात सोडला. चालली. झोकांड्या खात, दोन्ही हात पसरून, मामंजींच्या गुळावरून पुढे, सरळ आपल्या बापाकडे. ओसरी आणि अंगण आमच्याकडे सपाटच, पण तेवढं अंतर मला केवढं तरी वाटलं. तिनं ह्यांचं चिखलानं भरलेलं धोतर धरलं आणि तोंड वर करून बघितलं.

ह्यांनी मामंजींकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

कुसुम खाली बसली. रडली नाही. उठली, परत धोतर धरलं. हे परत मागे सरले. मी दाराआड उभी होते, माझा पदर कधी खांद्यावर आला ते मला कळलं नाही. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामंजींच्या हातातला गूळ मातीत पडला होता.

"मागं सरू नगंस," मामंजी म्हणाले. चारीच्या टोकाला पोचणारा त्यांचा तो आवाज अंगणापुरतासुद्धा निघाला नाही.

"आबा, मी आपला—"

"घे तिला. माझ्याम्होरं घे."

ह्यांनी भारा टाकला, हात धोतराला पुसले आणि तिला उचललं. वडिलांसमोर मूल कसं धरायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. तिला छातीशी धरून ते मान खाली घालून उभे राहिले. मामंजींनी दोघांकडे बराच वेळ पाहिलं. मग काठी घेतली आणि "पानी कुठवर आलंय बघून येतो" म्हणत बाहेर पडले. त्या आठवड्यात आमच्या चारीला पाणीच नव्हतं.

तेव्हापासून मामंजींनी खाकरणं सोडलं. फाटकाबाहेर वहाणा काढून ते अनवाणी आत यायचे. पण ह्यांची सवय एका दिवसात थोडीच जाणार? वडील दिसले की हात आपोआप खाली जायचे. म्हणून मामंजी संध्याकाळी आत यायचेच नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला शेवग्याआड खाकी कोट दिसायचा. कुसुम ह्यांच्या खांद्यावरून उतरेपर्यंत ते तिथेच उभे राहायचे. तिला घेण्यासाठी ज्यांचा जीव तुटायचा त्या माणसानं रोजची ती संध्याकाळ आपल्या हातानं सोडून दिली होती. मला एकदा वाटलं, जाऊन त्यांचे पाय धरावेत. पण सुनेनं तसं काही करायचं नसतं.

पुढच्या थंडीत त्यांना छातीचा आजार झाला. कुसुम तोवर घरभर पळत होती. हे तिला मांडीवर घेऊन वडिलांच्या खाटेशी बसायचे. वैद्य म्हणाले, कफ सुटला पाहिजे, मोकळेपणानं खोका. पण मामंजी खोकला आला की तोंडावर उपरणं दाबायचे. चेहरा काळानिळा व्हायचा, तरी दाबायचे. वैद्यांना वाटलं म्हातारा हट्टी आहे. सासूबाईंना वाटलं दुखत असेल. मला कळलं होतं, पण मी बोलू कशी? मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

ह्यांनी कुसुमला आणखी जवळ ओढलं आणि दुसऱ्या हातानं ते उपरणं बाजूला केलं. म्हणाले, "आबा, खाकरा तुमी. मी खाली ठिवत न्हाई तिला."

मामंजी खाकरले. पूर्वीच्या मानानं फार क्षीण, पण खाकरले. हे हलले नाहीत. मामंजींनी आधी ह्यांच्या हातांकडे पाहिलं, मग कुसुमकडे. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनंही त्यांच्यासारखंच खाकरून दाखवलं, आणि मामंजी मिशांतल्या मिशांत हसले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता आमच्या घरात येण्याआधी कोणी खाकरत नाही. संध्याकाळी मी अजून दिवा लावून फाटकाकडे बघते, आणि का कोण जाणे, पदर सावरते.